'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळातील मॉन्स्टर व पात्रांची पूर्वतयारी : एक विवेचन

प्रस्तावना :

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण 'डंजन मास्टर' असतो, तर इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. खेळाडूंना वाटेत भेटणारे शत्रू, व्यापारी, गावकरी या सर्वांची बाजू मास्टर सांभाळतो. कृती सफल झाली की फसली, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. बुद्धिबळात कोणती चाल शक्य आहे हे नियम सांगतात. येथे मात्र खेळाडू लढू शकतो, पळू शकतो, लाच देऊ शकतो किंवा शत्रूशी सोयरीकही जुळवू शकतो. म्हणूनच संपूर्ण कथानक आधी लिहून आणणाऱ्या मास्टरचे श्रम बहुधा वाया जातात. त्याला खऱ्या अर्थाने तयार करता येतात ती केवळ पात्रे व प्राणी. ही तयारी कशी होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आकड्यांची बाजू :

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये साडेतीनशेहून अधिक प्राण्यांची नोंद होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक प्राण्याला 'चॅलेंज रेटिंग' हा आकडा जोडला गेला. त्यावरून विशिष्ट पातळीच्या खेळाडूंपुढे कोणता प्राणी ठेवावा, याचा अंदाज बांधता येतो. मात्र हा अंदाजच होय, हमी नव्हे.

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीतील एक उदाहरण पुरेसे आहे. पहिल्या पातळीच्या चार खेळाडूंसाठी ४०० गुणांची लढत 'प्राणघातक' मानली जाते. एका गॉब्लिनचे ५० गुण, म्हणजे चौघांचे २००. परंतु शत्रू तीन ते सहा असल्यास बेरजेला दोनने गुणावे असा नियम असल्याने हा आकडा थेट ४०० वर जातो. एकट्या ओग्रचे गुण ४५०. कागदावर दोन्ही लढती जवळपास सारख्याच दिसतात. टेबलावर त्या अगदी वेगळ्या घडतात.

गॉब्लिनचे हिट पॉइंट अवघे ७. योद्ध्याचा एक चांगला वार बसला की तो पडतो आणि शत्रूपक्षाचे बळ तेथेच एक-चतुर्थांशाने घटते. ओग्रचे हिट पॉइंट ५९ असून त्यांतील शेवटचा शिल्लक असेपर्यंत तो पूर्ण ताकदीने लढतो. त्याच्या सोट्याचा सरासरी आघात १३. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट ७ असतील, तर एकाच फटक्यात तो बेशुद्ध पडतो; आघात १४ किंवा त्याहून अधिक झाल्यास जागीच मरतो. दुसरीकडे, चारही गॉब्लिनांनी चिलखत नसलेल्या त्याच जादूगारावर नेम धरला, तर एका फेरीत सरासरी दोन-तीन वार लागून तोच परिणाम होतो. संख्येमुळे वाढणारा हा धोका लक्षात घेऊनच तो गुणक ठेवलेला होता. २०२४ सालच्या सुधारित नियमांत गुणक वगळण्यात आला. गणित सोपे झाले हे खरे, परंतु संख्येचा विचार आता मास्टरलाच करावा लागतो.

हेतूची बाजू :

आकडे प्राणी कसा लढतो हे सांगतात. तो का लढतो, हे सांगत नाहीत. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ सालच्या प्राथमिक संचात याची उत्तम सोय होती. पहिला साथीदार पडल्यावर आणि पुढे निम्मे गारद झाल्यावर प्राण्यांच्या मनोधैर्याची दोन फाशांनी परीक्षा घेतली जाई. गॉब्लिनांचे मनोधैर्य ७ असे, राजा सोबत असल्यास ९. म्हणजे राजाला आधी पाडावे की त्याच्याशी बोलणी करावीत, हा खराखुरा प्रश्न खेळाडूंपुढे उभा राही. त्या एका आकड्यात शत्रूचे समाजशास्त्र सामावले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

संवादासाठीच्या पात्रांबाबतही हेच लागू पडते. २०१४ सालच्या मार्गदर्शक ग्रंथाने महत्त्वाच्या पात्रासाठी दहा वाक्ये सुचविली आहेत : व्यवसाय, रूप, लकब, ध्येय, उणीव इत्यादी. व्यवहारात तीनच गोष्टी कामी येतात. त्याला काय हवे आहे, त्याला काय ठाऊक आहे आणि तो कशाला भितो.

या संदर्भात 'राक्षस' या प्राण्याचे उदाहरण मराठी वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. भारतीय पुराणकथांतून घेतलेला हा प्राणी १९७७ सालच्या ग्रंथात वाघाचे डोके आणि हाती धूम्रपानाची नळी अशा रूपात चितारलेला आहे. मायावी, मांसभक्षक आणि जात्याच दुष्ट अशी त्याची नोंद. रामायणातील बिभीषण किंवा महाभारतातील हिडिंबा व घटोत्कच हेही राक्षसच. पण त्यांना नाती आहेत, निष्ठा आहेत, धर्मसंकटे आहेत. बिभीषणाशी तह करता येतो. पुस्तकातल्या वाघमुख्या राक्षसाला केवळ मारता येते. संपूर्ण वंशालाच दुष्ट ठरविण्यावर पुढे टीका झाली आणि २०२० साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने ऑर्क व ड्राऊ यांच्या चित्रणात बदल करण्याचे जाहीर केले. चांगल्या मास्टरने ही दुरुस्ती आपल्या वहीत कधीच केलेली असते.

तयारीची कसोटी :

अंदाज चुकतो तेव्हा काय करावे, हा या खेळातील जुना वाद आहे. दोन खेळाडू पडले असताना काही मास्टर पडद्याआड फाशाचा आकडा बदलतात किंवा ओग्रचे हिट पॉइंट गुपचूप कमी करतात. हेतू दयेचा असला, तरी त्यामुळे खेळाडूंच्या आधीच्या प्रत्येक निर्णयाची किंमत शून्य होते. ओग्रला भूक लागली आहे आणि त्याला खेळाडूंचे खेचरच हवे आहे, एवढे आधी लिहिलेले असेल, तर अशी लबाडी करण्याची वेळ येत नाही. तो खेचर उचलून डोंगराकडे चालू लागतो. बेशुद्ध सोबत्यांवर उपचार करावेत की पाठलाग करावा, हे खेळाडूंनी ठरवायचे असते.