घराण्यात आहे म्हणून आपल्यालाही होईल काय?

गतवर्षी वसतिगृहातील सिकलसेल तपासणी आटोपल्यानंतर सर्व मुले निघून गेली, तरी नववीतील एक विद्यार्थी दारातच उभा राहिला. त्याचा स्वतःचा अहवाल निर्दोष होता. तरीही खाली मान घालून त्याने विचारले, "सर, मायच्या बिमारीची अशी टेस्ट नाही होत का?" त्याच्या आईवर नागपुरात मनोविकाराचे उपचार चालू होते आणि 'त्यांच्या घराण्यातच आहे' हे गावातील वाक्य त्याच्या कानावर अनेकदा पडले होते. त्या दिवशी आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. असा प्रश्न उरात बाळगून वावरणारे ते एकच मूल असेल, असे आम्ही मानत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या उत्तराची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप समजून घेऊ. सुखदुःखाने मन हेलकावणे हा मनुष्यधर्म आहे. घर सोडून वसतिगृहात आलेले मूल पहिले काही दिवस रडते, तो आजार नव्हे. परंतु उदासी दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकते, आवडीच्या गोष्टींतला रस आटतो, झोप व भूक बिघडते, अभ्यासात चित्त लागत नाही आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, तेव्हा त्यास नैराश्याचा विकार म्हणतात. काही व्यक्तींत याच्या उलट अवस्थाही येते. झोपेची गरज उरत नाही, बोलणे व विचार धावू लागतात, खर्चाला व धाडसाला धरबंध राहत नाही. हा उन्माद होय. ज्यास उन्माद येतो आणि बहुधा नैराश्याच्याही पाळ्या येतात, त्यास द्विध्रुवी विकार झाला असे म्हणतात. त्याचा आरंभ बहुतेकदा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या प्रारंभी होतो. शाळा आणि वसतिगृह यांनी या विषयाकडे लक्ष देण्याचे हेही एक कारण आहे.

आता आनुवंशिकतेकडे वळू. आपल्या विदर्भात हा शब्द सिकलसेलमुळे घरोघरी पोहोचला आहे. नागपूर परिसरात सिकलसेल असल्याचे शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. त्या आजाराचा हिशेब सरळ आहे. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एक बदल होतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताच्या तपासणीने निश्चित उत्तर मिळते. आमच्या विद्यार्थ्याला वाटले की सगळेच आनुवंशिक आजार असेच चालत असतील.

एके काळी संशोधकांनाही तसेच वाटले होते. अमेरिकेतील आमिश समाजाच्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करून १९८७ मध्ये असे जाहीर झाले की द्विध्रुवी विकाराचे जनुक त्याच अकराव्या गुणसूत्रावर सापडले. परंतु आणखी नातेवाईक तपासले गेल्यावर आणि निरोगी मानलेल्या काही व्यक्ती पुढे आजारी पडल्यावर तो हिशेब जमेना, आणि १९८९ मध्ये तो निष्कर्ष टिकला नाही. एका विकाराचे एक जनुक ही कल्पना येथे मोडली.

पुढे मार्ग बदलला. लाखो लोकांची जनुकीय माहिती एकत्र करून आजारी व निरोगी यांच्यातील सूक्ष्म फरक शोधण्यात येऊ लागले. द्विध्रुवी विकाराशी संबंधित जागा २०२१ मध्ये ६४ होत्या, २०२५ मध्ये त्या २९८ झाल्या. नैराश्याच्या बाबतीत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ देशांतील माहितीच्या अभ्यासात अशी सुमारे ७०० स्थाने आढळली. यांतील प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प असतो. एका थेंबाने वैनगंगेला पूर येत नाही, तसेच हे आहे. यांपैकी पुष्कळ बदल आपणा सर्वांमध्ये कमीअधिक प्रमाणात असतातच. म्हणूनच 'तुला होईल' किंवा 'होणार नाही' असे सांगणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. शिवाय या अभ्यासांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. आपल्याकडील कुटुंबांचा अभ्यास बंगळूर येथील निम्हान्स ही संस्था करीत आहे.

मग घराण्याचा वाटा किती? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून द्विध्रुवी विकारात आनुवंशिकतेचा भाग ६० ते ८५ टक्के, तर नैराश्यात सुमारे ३५ ते ४० टक्के मानला जातो. हे आकडे पाहून दचकण्याचे कारण नाही. समाजातील व्यक्तींमध्ये जो फरक दिसतो, त्याचा किती भाग जनुकांमुळे आहे, एवढेच ते सांगतात. एखाद्या मुलाला आजार होण्याची शक्यता ते सांगत नाहीत. सर्वसाधारणपणे द्विध्रुवी विकार शंभरात सुमारे एकास होतो. आई किंवा वडिलांस तो असेल, तर अपत्यांत हे प्रमाण शंभरात पाच ते दहा एवढे वाढते. याचाच अर्थ असा की शंभरातील नव्वदांहून अधिक मुलांना हा विकार होत नाही. गावातील ते वाक्य ही बाजू कधीच सांगत नाही.

उरलेला वाटा आयुष्याचा. बालपणीचे आघात, कर्ज, नापिकी, घरातील व्यसन, अपमान आणि विस्थापन यांचा भार मनावर पडतो. गोसीखुर्द धरणामुळे आपल्या तालुक्यातील अनेक कुटुंबांनी शेत, घर व गावकी एकदम गमावली. अशा वेळी खचलेल्या माणसाच्या रक्तात दोष शोधणे हा अन्याय ठरेल.

मनाचा विकार शरीरापासून वेगळा राहत नाही, हे या संशोधनाचे दुसरे महत्त्वाचे सूत्र. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, आणि नैराश्य असलेल्यांना मधुमेह होण्याचा धोकाही वाढतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांपैकी जवळजवळ पाचांतील एकास नैराश्य येते व त्याची प्रकृती सुधारणे कठीण होते. सिकलसेलच्या वारंवार उठणाऱ्या वेदनांनी मुले खचतात. थायरॉइड ग्रंथी मंदावली, रक्तक्षय झाला किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी थकवा व उदासी येते आणि ती नैराश्यासारखीच दिसते. म्हणून प्रथम साध्या रक्ततपासण्या करून घेणे शहाणपणाचे असते. उलटपक्षी, द्विध्रुवी विकारावर दीर्घकाळ वापरात असलेले लिथियम हे औषध घेणाऱ्याने रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉइड यांची नियमित तपासणी केली पाहिजे. औषध गुणकारी आहे, पण ते मनाने सुरू करण्याचे किंवा मनाने थांबविण्याचे नव्हे.

येथे पालकांना एक कळकळीची विनंती आहे. मुलामुलींची लग्ने अडतील या भीतीने घरातील मनोविकार लपविला जातो, आणि डॉक्टरांपासूनही लपविला जातो. द्विध्रुवी विकार पुष्कळदा प्रथम नैराश्याच्याच रूपाने प्रकटतो. अशा रुग्णास केवळ नैराश्यावरील गोळ्या दिल्या गेल्या, तर काहींमध्ये त्यातून उन्माद उसळू शकतो. 'घरात कोणास असा आजार होता काय?' हा प्रश्न डॉक्टर याचसाठी विचारतात. तेथे खरे उत्तर देणे म्हणजे घराण्याची बदनामी नव्हे, ते मुलाचे संरक्षण आहे.

उपचार मिळतात, पण आपण तेथवर पोहोचत नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर २० प्रौढांपैकी एकास आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे दिसले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. ही दरी भरून काढता येते, हे आपल्याच विदर्भाने दाखविले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' या उपक्रमात गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी लोकांशी बोलून मानसिक आरोग्याची माहिती दिली, धीर दिला आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. अठरा महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतही प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत, रुग्णाला हळूहळू कामात व माणसांत परत आणण्याच्या पद्धतीने, तीव्र नैराश्यातही चांगला गुण आल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमच्या वसतिगृहात सकाळचे ध्यान असते, म्हणून त्याविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. वारंवार नैराश्य येणाऱ्यांना सजगतेवर आधारित उपचारपद्धतीमुळे ते पुन्हा उद्भवण्यापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे अभ्यासांनी दाखविले आहे. परंतु ध्यान औषधाची जागा घेऊ शकत नाही. ज्यांना उन्माद किंवा तीव्र विकार आहे, त्यांनी दीर्घ मौन शिबिरास जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झोपेचेही तसेच. परीक्षेच्या काळात रात्ररात्र जागणे कोणासही हितकारक नाही, आणि ज्याच्या घरात द्विध्रुवी विकार आहे त्याने तर झोप जपलीच पाहिजे, कारण जागरणाने उन्मादास निमित्त मिळते.

मूल एकाएकी गप्प झाले, जेवण टाळू लागले, वह्या-वस्तू वाटून देऊ लागले किंवा 'मी नसलो तर बरे' असे बोलले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये. 'तुला मरावेसे वाटते का?' असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मन मोकळे होते. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात मदत मागावी. 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देतो: बेटा, तशी टेस्ट नाही, कारण तुझे भविष्य एका जनुकात लिहिलेले नाही. तुझा धोका इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, पण न होण्याचीच शक्यता कितीतरी मोठी आहे. झोप सांभाळ, व्यसनापासून दूर राहा, मन जड झाले तर लपवू नकोस. आणि आजार झालाच, तर त्यावर इलाज आहे. तुझी माय औषध घेते, रोवणीला जाते आणि दर महिन्याच्या भेटीला तुझ्यासाठी डबा घेऊन येते. घराण्यात आहे म्हणतात ना, तर तेही तुझ्या घराण्यातच आहे.