फ्यूशियाचा हिवाळा

कानातल्या डुलांसारखी लोंबती, बहुधा दुरंगी फुले येणारे फ्यूशिया मूळचे मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या थंड, दमट डोंगरांतले. गारवा त्याला मानवतो, गोठणे सोसत नाही. म्हणून ब्रिटन-जर्मनीत उन्हाळाभर बाल्कनीत टांगलेल्या त्याच्या कुंड्या कडक दहिवर पडू लागण्याआधी आत घ्याव्या लागतात. चिली-अर्जेंटिनाच्या दक्षिण भागातली मॅगेलानिका ही जात आणि तिच्यापासून निपजलेले काटक वाण जमिनीत असतील तर सौम्य हिवाळ्यात बाहेरच तगतात. वरच्या फांद्या जळाल्या तरी बुडातून फुटवे येतात. कुंडीत तीच झाडे धोक्यात येतात, कारण मातीचा तो लहानसा गोळा चारी बाजूंनी गोठतो.

आत म्हणजे नेमके कुठे, इथे बरेच जण फसतात. हीटरने उबवलेल्या दिवाणखान्याची खिडकी ही सगळ्यांत वाईट जागा. उबेने झाड वाढत राहते, पण डिसेंबरात तिकडचा दिवस जेमतेम आठ तासांचा. मग लांबुळक्या, फिकट फांद्या सुटतात आणि त्यांवर पांढरी माशी येऊन बसते. फ्यूशियाला हवी झोप. 4 ते 8 अंश सेल्सियसचे तळघर किंवा न गोठणारे गॅरेज त्याला पुरते, आणि पाने गळाली की उजेडही लागत नाही. लांब नळीच्या फुलांचे ट्रायफिला गटातले वाण तेवढे अपवाद: त्यांना 10 अंशांच्या आसपास ऊब आणि उजेड, दोन्ही लागतात.

आत नेताना कोवळे शेंडे छाटून उरलीसुरली पाने-फुले काढून टाकतात. कुजके पान म्हणजे करड्या बुरशीला आवतणच. मुळे कुरतडणाऱ्या पांढऱ्या अळ्या मातीत नाहीत ना, हेही याच वेळी पाहिलेले बरे. यापुढचा खरा प्रश्न पाण्याचा. झोपलेले झाड फारसे पाणी ओढत नाही, त्यामुळे भरघोस पाणी घातले तर मुळे कुजतात. पण तळघरातली कुंडी नजरेआड जाते आणि झाड थंडीपेक्षा तहानेनेच दगावते. तीन-चार आठवड्यांनी मातीत बोट खुपसून पाहावे. आतपर्यंत कोरडी लागली तर पेलाभर पाणी पुरे.

फेब्रुवारीअखेर झाड वाळक्या काटक्यांची जुडी दिसते. फेकण्याआधी नखाने साल खरवडावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. मग फांद्या दोन-तीन पेरांवर छाटून कुंडी उजेडात आणतात, नवी माती भरतात आणि फुटवे दिसतील तसे पाणी वाढवतात. फुटव्यांना दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की शेंडे खुडावेत; झाड दाट होते, फुले मात्र काही आठवडे लांबतात. बाहेर काढायची घाई नको. जर्मनीत 11 ते 15 मे या संतांच्या दिवसांपर्यंत दहिवराची धास्ती असते, म्हणून तिथले माळी तोवर थांबतात. त्यानंतरही आठवडाभर कुंडी दिवसा सावलीत ठेवून रात्री आत घेतात.