कर्ज आणि कायदा (भाग ६) : हजिऱ्याचा न्याय, लिंबायतचा न्याय

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेची तोंडओळख मागच्या भागात झाली. आज ती सुरतेत नेऊन पाहू.

हजिऱ्याचा एस्सार स्टील कारखाना हे तिचं सर्वांत गाजलेलं प्रकरण. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ज्या १२ बड्या थकीत खात्यांवर संहितेखाली कारवाई करायला सांगितलं, त्यांत हे होतं. मूळ संहितेत एक पळवाट होती : कर्ज थकवायचं आणि बँकांनी त्यातलं बरंचसं सोडून दिलं, की तीच कंपनी स्वस्तात परत घ्यायची. २३ नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने कलम २९-अ आणून ती बुजवली : ज्याचं किंवा ज्याच्याशी संबंधित कंपनीचं कर्ज थकलेलं आहे, त्याला ते फेडल्याशिवाय बोली लावता येणार नाही. एस्सारसाठी बोली लावणाऱ्या न्यूमेटलमध्ये मूळ प्रवर्तक कुटुंबातील एकाशी जोडलेला वाटा होता, तर आर्सेलरमित्तलशी संबंधित दोन कंपन्यांची कर्जं थकलेली होती. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही बजावलं : दोन आठवड्यांत जुनी थकबाकी भरा, तरच बोली विचारात घेतली जाईल. आर्सेलरमित्तलने ती भरली. नोव्हेंबर २०१९ च्या अंतिम निकालानंतर सुमारे ४२ हजार कोटींच्या बोलीवर कारखाना त्यांच्याकडे गेला.

आता रिंगरोडच्या कापड बाजारात या. उधारीवर माल उचलून पेढी एकाएकी बंद करण्याला इथे ‘उठमणुं’ म्हणतात. त्यात पैसे अडकतात ते ग्रे कापड विणणाऱ्याचे आणि जॉबवर्क करणाऱ्याचे. पण पेढी एकट्याच्या मालकीची किंवा साध्या भागीदारीची असेल, तर कंपन्यांसाठीची ही प्रक्रिया तिला लागू नाही. कंपनी असली तरी मार्च २०२० पासून किमान १ कोटीची थकबाकी दाखवावी लागते. व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी संहितेत तिसरा भाग आहे. त्यातला कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता हिस्सा डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, बाकीचा कागदावरच आहे. म्हणून इथे अजून १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा चालतो. दिवाळं काढण्याआधीच्या दोन वर्षांत मालमत्ता फुकटात दुसऱ्याच्या नावावर केली असेल, तर तो व्यवहार रद्द करता येतो, ही त्याची चांगली बाजू. पण त्यासाठी जिल्हा न्यायालयात खेटे घालावे लागतात, आणि ते विणकराला परवडत नाहीत.

खऱ्याखुऱ्या गांजलेल्याचं काय? लिंबायत-उधन्यात लूमवर राबणारे कितीतरी खानदेशी आहेत. तिसऱ्या भागात अशा कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची कर्जमाफीची प्रक्रिया आहे. अट अशी, की वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, माफीला पात्र कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नको. महिन्याला पाच हजारांहून जास्त कमावणारा कामगार इथेच बाद होतो.

म्हणून सुधारणा दोन्ही अंगांनी हवी. तिसरा भाग पूर्ण लागू करावा, ‘नवी सुरुवात’च्या मर्यादा आजच्या मजुरीला धरून ठरवाव्यात आणि लपवलेल्या मालमत्तेचा शोध घेण्याचं काम लुबाडल्या गेलेल्या विणकरावर न टाकता नेमलेल्या अधिकाऱ्यावर टाकावं. लबाडाची वाट अडवणारं कलम हजिऱ्यासाठी काही महिन्यांत आलं. कापड बाजार २०१६ पासून थांबला आहे.

पुढील भागात : बिल्डर बुडाला तर घर घेणाऱ्याचे हक्क कोणते?