टेबलावरची आगगाडी

मोहाडीजवळच्या तुमसर रोड स्थानकावरून मुंबई-हावडा गाड्या जातात. तशीच गाडी घरांतल्या टेबलावर धांवावी असें एखाद्या हौशी गृहस्थास वाटलें, तर पहिली अडचण रुळांची. अशा नमुन्यांचें रूढ प्रमाण सत्त्याऐंशीस एक. इटलींतला हौशी येथें सुदैवी! त्याच्या देशांत दोन रुळांमधलें अंतर १४३५ मिलिमीटर. त्यास ८७ नें भागलें कीं साडेसोळा येतात, आणि बाजारांतले तयार रूळ नेमके तेवढेच. त्याची मिलान-रोम गाडी त्यांवर बिनतक्रार बसते. आपलें अंतर १६७६, भागाकार सवाएकोणीस. तयार रुळांवर आपली गाडी अंगानें रुंद अन् पायांनीं अरुंद दिसते. जिद्द असेल त्यानें रूळ स्वतः जुळवावे.

दुसरी अडचण लांबीची. १९७७ सालीं सुरू झालेली गीतांजली घ्या. जुन्या बांधणीचा डबा सुमारें २१.३ मीटर, म्हणजे नमुन्यांत साडेचोवीस सेंटिमीटर. अठरा डबे जोडले तर इंजिनासह साडेचार मीटरांहून अधिक. दिवाणखान्याची भिंतच संपली! लांब डबे वळणावर बाहेर डोकावतात, म्हणून युरोपांतल्या कांहीं कारखान्यांनीं ते आंखूडच करून विकले. मला तें रुचत नाहीं. डबे आठच असोत, पण पुऱ्या लांबीचे असावे. वळण मात्र ऐसपैस ठेवावें.

ह्या प्रमाणाच्या गाड्या चालतांना पाहावयाच्या असतील, तर पुण्याच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयांत जावें.