जमिनीखालचे इंधन (लेखांक ७) : खडक उघडतो, तोच बुजवतो

मागच्या आठवड्यात आपण आडव्या विहिरीपर्यंत आलो होतो. वायू अडकलेल्या शेल खडकाच्या थरात शिरल्यावर प्रचंड दाबाने द्रव सोडून खडकाला भेगा पाडतात आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. हा द्रव कोणता असावा, यावर विहिरीचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते.

वाळू वाहून न्यायची तर द्रव दाट हवा. त्यासाठी वर्षानुवर्षे वापरात होता गवारीच्या बियांचा डिंक, आपल्या भाजीतल्या त्याच गवारीचा. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही मुख्यतः राजस्थानात पिकते. या डिंकात बोरेट मिसळले की खळीसारखे घट्ट जेल होते. काम झाल्यावर रसायनाने ते पातळ करून बाहेर काढायचे, असा बेत असतो. पण पाणी खडकात झिरपते आणि डिंक मागे उरतो. भेगेच्या भिंतींवर त्याचे पुट चढते, वाळूच्या कणांमधल्या वाटा चोंदतात. चांगल्या वालुकाश्मात हे एक वेळ खपून जाते. शेलची पारगम्यता मात्र त्याच्या लाखो पटींनी कमी. वायूला बाहेर पडायला वाट म्हणजे त्या भेगाच, आणि त्याच बुजलेल्या.

टेक्सासमधल्या बार्नेट शेलवर जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१पासून पैसा ओतला होता. तिथले अभियंते निक स्टाइन्सबर्गर यांनी जेल जवळजवळ सोडूनच दिले. पाणी, वाळू आणि नळीतले घर्षण कमी करणारे थोडे पॉलिॲक्रिलामाइड, बस्स. १९९८ साली एस. एच. ग्रिफिन क्रमांक ४ या उभ्या विहिरीत ते यशस्वी ठरले. आडव्या विहिरींची जोड त्याला पुढे मिळाली. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, सुधारणा काहीतरी वगळून झाली.

पण नुसते पाणीही निरुपद्रवी नाही. काही शेलमधली चिकणमाती आपल्या काळ्या मातीसारखी ओलीने फुगते. पोटॅशियम क्लोराइड घातले की तिचे पदर एकमेकांना धरून राहतात. शिवाय केसाहून बारीक छिद्रांत शिरलेले पाणी पृष्ठताणामुळे तिथेच अडकते आणि वायूची वाट अडवते. अनेक शेल विहिरींत सोडलेल्या पाण्यापैकी निम्मेही परत येत नाही. पाण्याचा पृष्ठताण कमी करण्यासाठी साबणाच्या जातीची द्रव्ये मिसळतात, पण ती खडकालाच चिकटून बसली तर आतपर्यंत पोहोचत नाहीत.

त्यात पातळ पाण्यातली वाळू आडव्या विहिरीत लवकर तळाशी बसते. म्हणून गेल्या दशकात पॉलिॲक्रिलामाइडचेच प्रमाण वाढवून पाणी थोडे दाट करण्याची पद्धत रुळली. डिंकापेक्षा त्याचा गाळ कमी. मात्र त्याच्या लांबलचक साखळ्या सहज तुटत नाहीत आणि खाऱ्या पाण्यात त्यांचा दाटपणा घटतो. विहिरीतून वर आलेले खारे पाणी पुन्हा वापरायचे असेल, तर ही अडचण मोठीच. म्हणूनच ज्या थरात भेगा पाडायच्या, त्यातला खडकाचा तुकडा आणि प्रत्यक्ष वापरायचे पाणी प्रयोगशाळेत एकत्र ठेवून पाहावे लागते. बार्नेटमध्ये चाललेला द्रव दुसऱ्या थरात चालेलच असे नाही.

वर आलेल्या त्या खाऱ्या पाण्याचे पुढे काय करायचे, ते पुढच्या आठवड्यात.