बाळाच्या झोपेचे फडके

लिंबायतच्या एखाद्या खोलीत सकाळी अकरा वाजता पुरुष झोपलेला दिसला, तर गावाकडून आलेल्या पाहुण्याने त्याला आळशी म्हणू नये. तो लूमवर रात्रपाळी करून आलेला असतो. बारा तास खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला झोप ही हवीच. पण त्याच एका खोलीत त्याचे बाळही असते. ते झोपेला आलेले असते, तरी झोपत नाही आणि रडते. आई एका हाताने साडीवर टिक्या चिकटवीत असते आणि दुसऱ्या हाताने झोळीला झोका देत असते. झोका थांबला की रडे सुरू, आणि रड्याने बाप जागा. मग घरात जे व्हायचे ते होते.

अशा वेळी शेजारीण सल्ला देते, "खोकल्याचे औषध पाज थोडे, गुमान झोपेल." हा सल्ला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया पूर्वी तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तीत हे उघड झाले. त्या आया दुष्ट नव्हत्या, त्यांना दुसरा आधार नव्हता. आज गोळीची जागा बाटलीने घेतली आहे, एवढेच. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते खरी, पण तान्ह्या मुलाचा श्वास त्यामुळे मंदावू शकतो. २०२३ च्या डिसेंबरात भारताच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' अशी सूचना छापण्याचा आदेश काढला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. तेव्हा झोपेसाठी औषध नको, अफू नको, आणि जायफळाचे वळसे वाढवीत नेणेही नको.

मग बाळाने झोपावे कसे? त्याचे एक साधे साधन आमच्या पाहण्यात आहे, ते म्हणजे आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा.

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये या गोष्टीवर एक निबंध वाचला. पुष्कळ मुले एखादे फडके, दुपट्याचा कोपरा किंवा मऊ बाहुली धरल्याखेरीज झोपत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले होते. त्यांचे म्हणणे असे की ती वस्तू बाळाला अर्धी आईसारखी आणि अर्धी स्वतःसारखी वाटते. आई नजरेआड झाली तरी तिचा काही अंश हाती राहतो. हा हट्ट नव्हे, आणि वाईट खोडही नव्हे.

आमच्या शेतकरी वाचकांना हे नवलाचे वाटेल, कारण खेड्यात अशी मुले फारशी दिसत नाहीत. इटलीतील डॉ. रेनाता गाद्दिनी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच आढळले. रोम शहरातील मुलांपेक्षा खेड्यातील मुलांत हे फडके फारच कमी होते. कारण उघड आहे. खेड्यातले मूल आईच्या कुशीत झोपते. ती कापूस वेचायला गेली तर आजी आहे, आत्या आहे, बांधावरच्या निंबाला टांगलेली झोळी आहे. लिंबायतला आलेल्या आपल्या लेकीसुनांच्या घरात आजी नाही, आत्या नाही. आईलाच कमवायचे, रांधायचे आणि निजवायचेही. आजीच्या मांडीची भरपाई फडक्याने पुरी होणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण बाटलीपेक्षा फडके शतपटीने बरे.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बाळ वर्षाचे होईपर्यंत झोपेच्या जागी मोकळे फडके, उशी, जाड गोधडी, बाहुली यांपैकी काहीही ठेवू नये. लहान बाळाला तोंडावर आलेले कापड दूर सारता येत नाही आणि ते गुदमरते. त्याला पाठीवर, सपाट अंथरुणावर झोपवावे. ज्या घरात बाप दारू पिऊन येतो तेथे बाळाला त्याच्या शेजारी मुळीच निजवू नये. हे लिहिताना आम्हांस संकोच होत नाही.

तरीही वर्षाच्या आत तयारी करता येते. पाजताना फडके आईने आपल्या अंगाशी ठेवावे, म्हणजे त्याला तिचा वास लागतो. सहा-सात महिन्यांनंतर, बाळ जागे असताना आणि आई समोर असताना, ते त्याच्या हाती खेळायला द्यावे आणि झोप लागण्याआधी काढून घ्यावे. वर्ष उलटले की ते अंथरुणात देण्यास हरकत नाही.

फडके कोणते असावे, यात सुरतेची एक अडचण आहे. येथे कापडाचा पूर आहे, पण ते बहुतेक पॉलिस्टर. ते घाम टिपत नाही. जर, टिकी, हिरा, लेस असलेला तुकडा तर नकोच, कारण सुटलेली टिकी घशात अडकते. जुने, पुष्कळदा धुतलेले सुती कापड घ्यावे, मोठ्या रुमालाएवढे, नाडी किंवा बटण नसलेले. जे लुगडे नेसून कपाशीवर फवारणी केली, ते कितीही धुतले तरी बाळासाठी वापरू नये. फाडताना दोन सारखे तुकडे करावेत आणि आलटून पालटून धुवावेत. एकच असेल तर ते हरवले त्या रात्री सारी चाळ जागी राहील!

सवय लावण्यास घाई करू नये. रोज एकाच वेळी, एकाच क्रमाने करावे. पाजावे, तोंड पुसावे, अंगाई म्हणावी, फडके हाती द्यावे आणि बाळ पेंगत असताना, पुरते झोपण्यापूर्वी खाली ठेवावे. झोळीत झोपेपर्यंत झोके मिळालेले बाळ मध्यरात्री जागे झाले की पुन्हा झोकाच मागते. खाली ठेवल्यावर रडले तर जवळ बसून थोपटावे, लगेच उचलू नये. पहिले काही दिवस जड जातील. त्या दिवसांत शक्य तर बापाने शेजाऱ्याच्या खोलीत झोपावे. बायकोवर ओरडण्यापेक्षा ते सोपे आहे.

झोळीविषयीही थोडे सांगतो. बाळ बसू-उठू लागले की झोळी बंद करावी. साडीचा पीळ मानेला बसून मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. पाच-सहा वर्षांच्या भावंडावर झोका देण्याचे काम सोपवून आईने पाण्याच्या रांगेत जाणे धोक्याचे आहे.

नीट झोपणारे मूल एकाएकी रात्री रडू लागले, कानाला हात लावू लागले, अंग तापले किंवा दूध सोडले, तर फडक्याने काही होणार नाही. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा उमरवाड्याच्या स्मीमेर रुग्णालयात दाखवावे.

पेरणीला किंवा सणाला उधना-जळगाव गाडीने गावी जाताना फडके पिशवीत वरच ठेवावे. नव्या घरात, नव्या माणसांत बाळाला जुने असे तेवढेच असते. आजीने ते मळके म्हणून चुलीत घालू नये, ही तिला आमची विनंती. आणि चार-पाच वर्षांचा मुलगा अजून फडके धरून झोपतो म्हणून कोणी त्याला हसू नये. शाळेत रुळला, मित्र मिळाले की बहुतेक मुले ते आपणच कोठेतरी टाकून देतात, आणि मग आईलाच ते पेटीत जपून ठेवावेसे वाटते.