कोटाच्या बाहीची लांबी

कोट अंगावर चढविल्यावर मनुष्य आरशात प्रथम पाहतो ती छाती, मग कॉलर, आणि त्यानंतर पोट नीट झाकले गेले की नाही हे. बाहीकडे त्याचे लक्ष जाते ते बहुधा छायाचित्र हाती आल्यावर. नवरदेवाचा कोट उंची कापडाचा असूनही उसना आणल्यासारखा दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते की, बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत उतरलेली असते. कापड आणि शिलाई यांवर हजारो रुपये खर्च करणारी कुटुंबे या एका इंचाचा विचार मात्र दुकानदारावर सोपवून मोकळी होतात.

नवी मुंबईतील सीवूड्स येथे हा प्रकार सहज पाहावयास मिळतो. तेथे सीवूड्स–दारावे रेल्वे स्थानकावरच मोठे बाजारसंकुल उभे आहे. गाडीतून उतरलेला तरुण जिना चढून वर जातो आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार सूट घेऊन तासाभरात खाली येतो. असा कोट मुख्यतः छातीच्या मापावर विकला जातो. परंतु ४० इंच छातीच्या दोन माणसांचे हात सारखेच लांब असतील असे मुळीच नाही. म्हणून कारखानदार बाही सहसा किंचित लांब ठेवतो; लांब बाही कमी करता येते, आखूड बाही वाढविणे अवघड. दुरुस्ती गृहीत धरूनच तो कोट बनविलेला असतो. ग्राहक त्यालाच पुरा झालेला माल समजून घालू लागतो.

जुन्या अंगरख्याची गोष्ट निराळी होती. त्याची बाही हातापेक्षा लांब शिवीत आणि तिच्या चुण्या मनगटापासून वर चढवीत. जास्तीचे कापड हीच तेथे शोभा होती. कोटाच्या बाहीला ही सवलत नाही. ती सरळ उतरावी आणि मनगटाशी थांबावी. मनगटाच्या बाहेरच्या अंगास, करंगळीच्या रेषेत, जे हाड वर आलेले असते, तेथे तिची कड यावी. अंगठ्याच्या टोकापासून वर मोजल्यास हे अंतर साधारणतः साडेचार ते पाच इंच भरते. मात्र माप देताना हात सैल सोडलेला असावा. शिंप्यापुढे कवायतीला उभे राहिल्यासारखा हात ताठ करणारा मनुष्य स्वतःचे माप स्वतःच बिघडवितो. कारण चालताबोलताना कोपर किंचित वाकलेले असते आणि बाही त्या मानाने वर सरकते.

तथापि कोटाच्या बाहीचा निर्णय खरे पाहता शर्टाच्या बाहीपासून सुरू होतो. शर्टाचा कफ तळहात जेथे मनगटास मिळतो तेथवर यावा आणि त्याचा पाव ते अर्धा इंच भाग कोटाबाहेर दिसावा. ही पांढरी किनार केवळ शोभेची नव्हे. मनगटाचा घाम व मळ ती आपल्यावर घेते आणि शर्ट धुता येतो, कोट वारंवार धुता येत नाही. येथे एक फसगत संभवते. नवा सुती शर्ट पहिल्या काही धुण्यांत आटतो. कोरा शर्ट घालून कोटाची बाही ठरविली, तर दोन महिन्यांनी कफ आत दडी मारून बसतो. माप देण्यास जाताना दोनतीनदा धुतलेला शर्टच अंगात असावा. उकाड्यामुळे अर्ध्या बाहीच्या शर्टावर कोट घालणारे गृहस्थही काही थोडे नाहीत. त्यांनी किनारीची आशा सोडावी हेच बरे.

शर्टानंतर खांदा. खांद्याची शिवण दंडावर उतरली असेल, तर बाही तितकीच खाली ढकलली जाते. अशा कोटाची बाही खालून कापून आखूड करणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे. मुंढ्याचेही तसेच. हार्बर मार्गाच्या गाडीत वरची कडी धरली की बाही निम्म्या हातापर्यंत घसरते आणि बाही आखूड झाली असा समज होतो. कडी धरल्यावर कोणतीही बाही थोडी वर जाणारच. पण मुंढा खोल असेल तर तिच्याबरोबर सबंध कोट ओढला जातो. काखेजवळ बेताने बसणारा मुंढा हा त्यावरचा उपाय होय. बाहीला इंचभर कापड जोडून तो दोष जात नाही.

या सर्वांची तपासणी झाल्यावरच मनगटाकडील काम हाती घ्यावे. बाहीवरील बटणे पुष्कळदा नुसती शोभेची असतात, आणि तोवर सारे सोपे असते. परंतु काजे खरोखर कापून उघडी केली की बाहीची लांबी कायमची ठरली असे समजावे. पुढे ती कमी करावयाची झाल्यास बाही खांद्यापासून उसवून वरून कापावी लागते, आणि ते काम कुशल कारागिराचेच आहे. सीवूड्सजवळ करावे येथे टी. एस. चाणक्य ही नाविक शिक्षणाची संस्था आहे. १९२७ साली सुरू झालेल्या डफरिन या शिक्षणनौकेची आणि १९७२ नंतरच्या राजेंद्रची परंपरा १९९३ पासून ती चालवीत आहे. व्यापारी नौकांवरील अधिकाऱ्यांच्या कोटाच्या बाहीवर हुद्द्याचे सोनेरी पट्टे असतात, कप्तानास चार. असा कोट खालून इंचभर कापला तर पट्टे कडेवर येऊन बसतात. म्हणून तेथेही एक तर पट्टे उसवून पुन्हा लावावे लागतात, नाहीतर खांद्याकडूनच काम करावे लागते.

माप दोन्ही हातांचे निरनिराळे घ्यावे. बहुतेकांचा एक खांदा किंचित उतरता असतो, आणि पाव इंचाचा फरक मनगटाशी लगेच डोळ्यांत भरतो. चांगला शिंपी न सांगता दोन मापे लिहून घेतो. जो घेत नाही त्याला सांगावे.

वडिलांचा कोट मुलासाठी दुरुस्त करावयाचा असेल, तर आधी अस्तर थोडे उसवून आत दुमडलेले कापड किती आहे ते पाहावे. बहुधा इंच-दीड इंच निघते. त्यातलेही थोडे पुन्हा दुमडण्यास लागते, म्हणून सगळे हिशेबात धरू नये. जुन्या दुमडीची रेघ ओल्या फडक्यावरून इस्तरी फिरवून लोकरीच्या कापडावर पुष्कळशी पुसट होते. कडेचे कापड झिजून चकाकू लागले असेल, तर मात्र ती जात नाही. बाही वाढविण्यास कापड पुरत नसेल, तर शर्टाचा कफ अर्ध्या इंचाहून थोडा अधिक दिसू द्यावा. ते आखूड बाहीला तुकडा जोडण्यापेक्षा केव्हाही बरे दिसते.